कॉर्डीच्या नावाचं फूल

शनिवारी सकाळी विरळणी करता करता टेंपीनं चांगला कापूस कापून टाकला. एखाददुसरं रोप नव्हे, ओळीनं चार. पन्नास वर्षं ती हे काम करत आली होती. दोन रोपं ठेवायची, मधली उडवायची, गवत उलथायचं आणि पुढं सरकायचं. लांब दांड्याचं खुरपं तिच्या हातात नजरेआधी चालायचं. आणि आज भर तासात, रोपांच्या ओळीतच, टक्कल पडलं, तेही सून-लेकींच्या वयाच्या बायका शेजारी कामाला असताना.

शेजारच्या तासात व्हर्लीन होती, टेंपीच्या नणंदेची मुलगी. तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग दोन पावलं जवळ येऊन हळूच म्हणाली, "मामी, ऊन लागलं काय? जरा सावलीला बसा."

"ऊन कशाचं लागतंय मला. मगाशी काय म्हनालीस तू?"

"म्हनलं, उद्या मी येनार चर्चला. तुमचा हात धरून खुर्चीपतूर मीच नेनार. पाळकबाबांनी इचारलं, म्या व्हय म्हनलं."

"आन फूल?"

"लाल. दुसरं कोनतं लावनार? ड्रूसिलाबाईच्या दारचं, कालच सांगून ठेवलंय."

टेंपीनं खुरपं उचललं आणि पाचवं रोप उडवलं.

आमच्या शिलो वस्तीत मे महिन्यातला दुसरा रविवार आईचा असतो. त्या दिवशी छातीवर फूल लावल्याशिवाय कुणी चर्चची पायरी चढत नाही. आई जिवंत असेल तर लाल गुलाब, देवाघरी गेली असेल तर पांढरा. सत्तरीचे म्हातारेसुद्धा पांढरं फूल लावून, मान खाली घालून आत येतात, आणि ज्याची आई नव्वदीला पोचलेली असते तो लाल फूल मिरवत सगळ्यांना दाखवत फिरतो. दारात उभ्या असलेल्या बायका एकदा छातीकडे बघतात आणि तुमच्या घरची हकीकत त्यांना कळते. आमच्याकडे माणसं कापसाच्या वजनाबद्दल खोटं बोलतील, नवऱ्याच्या दारूबद्दल बोलतील, पण या फुलाबद्दल कुणी खोटं केल्याचं ऐकिवात नाही. देवाच्या घरात आईच्या नावानं खोटं लावून जायचं म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

व्हर्लीन मात्र वीस वर्षं त्या रविवारी चर्चला फिरकली नव्हती. कधी तिची गाय व्यायची असायची, कधी धाकट्याला ताप असायचा. वस्तीला खरं कारण ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. ती चार वर्षांची असताना तिची आई कॉर्डी तिला भावाच्या दारात ठेवून उत्तरेकडं सेंट लुईस शहरात कामाला गेली. बोंडात किडा पडून सगळ्या मुलखाचा कापूस गेला त्या सालची गोष्ट. भाऊ म्हणजे टेंपीचा नवरा अ‍ॅबनर. तो पुढं वारला, कॉर्डी परतली नाही, आणि ती आहे की नाही हेही कुणाला कळलं नाही. लहानपणी टेंपी दरसाल व्हर्लीनच्या झग्याला लाल फूल टाचायची. पोरं विचारायची, "तुजी आई कुठं हाय गं? दाव की." मोठी झाल्यावर व्हर्लीननं यायचंच बंद केलं.

यंदा ती येणार होती ती टेंपीसाठी. हिवाळ्यात चर्चच्या मंडळीची माता वारली आणि व्यासपीठाशेजारची तिची हाताची खुर्ची रिकामी झाली. मंडळीची माता म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नाही. बाळंतिणीच्या उशाशी प्रार्थना तिनं करायची, मरणाऱ्याचा हात तिनं धरायचा, भांडणारे नवरा-बायको तिच्यापुढं आणून उभे करायचे. पाळकसुद्धा तिला भिऊन असतो. मंडळीनं ती खुर्ची टेंपीला द्यायची ठरवली होती, आणि रीत अशी की नव्या मातेला तिच्या लेकरानं हात धरून खुर्चीपर्यंत न्यायचं. टेंपीची स्वतःची तीन लेकरं चर्चच्या मागं पुरलेली होती. एकही सव्वा महिना ओलांडून जगलं नव्हतं.

आणि कॉर्डी मेली आहे, हे अख्ख्या वस्तीत एकट्या टेंपीला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी सेंट लुईसहून पत्र आलं होतं, कॉर्डी राहायची त्या घरच्या मालकिणीचं. नोव्हेंबरात छातीच्या दुखण्यानं गेली, तिथल्या मंडळीनं नीट माती दिली, पेटीत हा पत्ता सापडला म्हणून कळवते, एवढंच. टेंपीनं ते पत्र अक्षर अक्षर लावून वाचलं. शास्त्राच्या पुस्तकात, बायबलात, ठेवायला तिचा हात धजला नाही, म्हणून गोधड्यांच्या पेटीत तळाशी घातलं.

तिनं ते का दडवलं, याचं कारण त्याहून जुनं होतं. कॉर्डी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिचं एक पत्र आलं होतं. खोली मिळाली आहे, ईस्टरला पोरीला न्यायला येते. तोवर व्हर्लीन रात्री टेंपीच्या कुशीत झोपायला लागली होती. त्या संध्याकाळी टेंपी कोंबड्यांच्या खुराड्यामागं गुडघ्यावर बसली आणि तिनं देवाला सांगितलं, तिला येऊ देऊ नकोस. ती नको येऊ दे. ईस्टर आला, गेला. कॉर्डी आली नाही, पुन्हा तिचं पत्रही आलं नाही. टेंपी हादरली. तेव्हापासून रोज रात्री पोरीला गुडघ्यावर बसवून ती तिच्याकडून म्हणवून घ्यायची, प्रभू, माझ्या आईला सुखरूप घरी आण. कुणी चुकून टेंपीला तिची आई म्हटलं तर टेंपीच तोडून टाकायची, "तिची आय कॉर्डी हाय. मी मामी." वस्तीला ते मोठं मन वाटायचं. ते मोठं मन नव्हतं, भीती होती. आणि मेल्याचं पत्र आलं तेव्हा टेंपीला वाटलं, हे माझ्याच मागण्याचं उत्तर आहे, उशिरानं आलेलं.

आता उद्या ती पोर मेलेल्या आईसाठी लाल फूल लावून, सगळ्या मंडळीसमोर टेंपीचा हात धरून चालणार होती. सांगायचं तर आजच सांगायला हवं होतं.

दुपारी काम सुटलं. टेंपीनं घरी येऊन चवळी शिजत घातली, मक्याची भाकरी भाजायला ठेवली आणि फाटकापर्यंत चार वेळा जाऊन आली. व्हर्लीनचं घर शेतापलीकडं, हाकेच्या अंतरावर. हाक मारायला तोंड उघडावं तर कुणीतरी वाटेत दिसायचं. कारण पांढऱ्या गुलाबाची वेल वस्तीत एकट्या टेंपीच्या ओसरीवर होती. ज्याची आई गेलेली तो प्रत्येक जण आज बादली नाहीतर तांब्या घेऊन तिच्याच दारात येणार होता.

सगळ्यात आधी आली ड्रूसिला. नऊ लेकरांची आई, आणि ती नऊ जणू मंडळीनं विसरू नयेत अशा चालीनं ती चालायची. खुर्ची आपल्याला मिळावी असं तिला वाटत होतं, आणि ते तिनं लपवलंही नव्हतं.

"आले बाई फुलाला," ती पायरीवर बसत म्हणाली. "आमची आय जाऊन बारा वर्सं झाली. तुज्या येलीचं फूल लावल्याबिगर तिला बरं वाटत न्हाई वरती."

"घे की. हवी तेवढी घे."

"उद्याची तयारी झाली? म्या तर पाळकबाबांना तोंडावर सांगितलं, टेंपीबाई देवमानूस हाय, पर आईच्या खुर्चीवर बसायचं म्हंजे... मी नऊ येळा मरनाच्या दारात जाऊन आले. तसं काही तरी लागतं का न्हाई?"

"मग काय म्हनले पाळकबाबा?"

"त्यांचं काय, ते पुस्तकातलं बोलत्यात. म्हनले, लेकरू कुनाचंच नसतं, ते प्रभूचं. आईकडं नुसतं राखायला दिलेलं. हन्नानं शमुवेलाला देवाकडनं मागून घेतलं आन दूध तुटल्यावर त्याचं त्याला नेऊन दिलं, ती आई. म्या म्हनलं, बाबा, तुमी एक तरी बाळंतपन करून दावा, मंग बोला."

टेंपी हसली नाही. एरवी हसली असती. हन्नानं मागितलं आणि परत दिलं. आपण मागितलं आणि धरून बसलो.

"तुजं त्वांड का उतरलंय? मी लावून बोलले व्हय?"

"न्हाई गं. तू खरंच बोललीस. ती खुर्ची तूच घे."

ड्रूसिला हातातली कात्री तशीच धरून तिच्याकडं बघत राहिली. तिला भांडायचं होतं, आणि समोरचीनं असं काही न लढता हातात दिलं तर बाईनं काय करावं? तिनं घाईनं चार फुलं कापली, "आजारी पडशील, झोप जरा," म्हणाली आणि निघून गेली.

मग चर्चचा कारभार बघणारा डीकन आला, मग त्याच्या दोन्ही भावजया, मग दोन मैलांवरून चालत आलेला एक म्हातारा, ज्याला सात फुलं हवी होती कारण घरातलं कुणीच आईवालं उरलं नव्हतं. टेंपी फुलं कापत होती, काटे टोचून घेत होती, आणि प्रत्येकाच्या खांद्यावरून शेतापलीकडं बघत होती. चवळी करपली. आयुष्यात पहिल्यांदाच करपली असेल.

उन्हं कलली तेव्हा व्हर्लीन आपणहून आली. काखेत स्टार्च घातलेला टेंपीचा पांढरा झगा, हातात लोखंडी इस्त्री.

"तुमच्या चुलीत इस्तव चांगला असतो, मामी. हितंच इस्त्री करते. पोरांनी घरात नाचून ठेवलंय."

तिनं टेबलावर गोधडी अंथरली, झगा पसरला, बोटानं पाणी शिंपडलं. कॉलर आधी, मग बाह्या. टेंपी चुलीपाशी उभी राहिली, मग खिडकीपाशी गेली, मग परत चुलीपाशी.

"बसा की मामी. सकाळधरनं बगते, पाय ठरत न्हाईत तुमचे. खुर्चीत बसायची भीती वाटती व्हय?"

"व्हर्ले, उद्या लाल फूल लावू नगंस."

इस्त्री चालत राहिली. "का?"

"कॉर्डी गेली."

इस्त्री थांबली. मग व्हर्लीननं ती उचलून बाजूला उभी केली, झगा जळू नये म्हणून. "कवा?"

"दोन वर्सं झाली. नोव्हेंबरात. पत्र आलंतं."

"दोन वर्सं."

"म्या पेटीत ठेवलं. दर आठवड्याला सांगनार, सांगनार म्हनून..." टेंपीनं कोरडेच हात एप्रनला पुसले. आता थांबलं तर पुन्हा कधीच बोलणं व्हायचं नाही, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं उरलेलंही सांगून टाकलं. कॉर्डीचं ईस्टरचं पत्र, खुराड्यामागची संध्याकाळ, देवाला काय म्हटलं ते शब्दासकट. "तुज्या आयला म्या येऊ दिलं न्हाई. ती मेली बी माज्याच मागन्यानं. आता तू कर काय करायचं ते."

चुलीतलं लाकूड फुटलं. व्हर्लीननं झग्यावरची सुरकुती हातानं सपाट केली. बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता.

"मामी, रोज रातीला तुमी मला गुडघ्यावर बसवत व्हता. सात वर्सांची, आठ वर्सांची, थंडीत. आईला आन म्हनून मी मागायची. रोज. इतक्या वर्सांत त्यानं माजं एकदा ऐकलं न्हाई, आन तुमचं एका दमात ऐकलं? लईच वट हाय तुमची देवाकडं."

चौतीस वर्षांत ही गोष्ट टेंपीच्या डोक्यात आली नव्हती.

"पत्र द्या."

टेंपीनं पेटी उपसली आणि पत्र दिलं. व्हर्लीननं ते वाचलं नाही. घडी करून खिशात घातलं, पुन्हा इस्त्री तापवली, आणि उरलेली एक बाही, कंबरपट्टी, खालचा घेर सगळं नीट करून झगा खिळ्याला अडकवला. मग दाराबाहेर पडली. ओसरीवरून उतरताना तिनं वेलीकडं पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी टेंपी एकटीच चर्चला गेली. झगा घातला होता, पण खुर्चीत बसायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. पहाटे ओसरीत उभं राहून तिनं शेतापलीकडं पाहिलं होतं. व्हर्लीनच्या धुराड्यातून धूर निघत होता, पण तिकडून कुणी आलं नव्हतं.

चर्च गच्च भरलं होतं. हातातले पंखे हलत होते, छातीछातीवर लाल आणि पांढरं. गाणी झाली, शास्त्रपाठ झाला. पाळकांनी हन्नाचीच गोष्ट घेतली, आणि टेंपीला तिचा शब्द न् शब्द लागला. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. "बहीण टेंपीला तिच्या जागी नेण्यासाठी तिचं लेकरू पुढं येऊ दे."

कुणी आलं नाही. पंखे थांबले. ड्रूसिलानं मागं वळून पाहिलं, पण तिच्याही तोंडावर मजा नव्हती. पाळकांनी घसा साफ केला. तेव्हा टेंपी पहिल्या बाकावरून उठली आणि मंडळीकडं तोंड करून उभी राहिली.

"कुनी येनार न्हाई," ती म्हणाली. "त्यात त्या पोरीची चूक न्हाई. ही जागा माजी न्हवंच. म्या दुसऱ्या आईच्या लेकरावर डोळा ठेवला. देवाकडं असं मागितलं का जे कुनी मागू नये. आन तिची आय गेल्याची खबर दोन वर्सं..."

मागचं दार उघडलं. व्हर्लीन आत आली. डोळे सुजलेले, टोपी वाकडी, पायाला ओला चिखल, म्हणजे रस्त्यानं न येता शेतातून तुडवत आली होती. मागं तिची तिन्ही पोरं, छातीवर लाल फुलं लावलेली. तिच्या छातीवर पांढरा गुलाब होता. तो कधी तोडून नेला ते टेंपीला कळलंही नव्हतं.

दारातल्या बायकांनी फूल पाहिलं. बाकाबाकावरून कुजबुज सरकत गेली. व्हर्लीन मधल्या वाटेनं सरळ पुढं आली.

"हे माज्या आईचं, कॉर्डीचं," ती फुलाला हात लावून मंडळीला म्हणाली. "दोन वर्सामागं गेली. तिच्यासाठी प्रार्थना करा." मग ती टेंपीकडं वळली. टेंपी अजून उभीच होती, तोंड उघडं, पुढचं पाप सांगायला तयार.

"व्हर्ले, मला बोलू दे. मंडळीला कळाय पायजे."

"काही कळाय नगं. तुजं-माजं भांडान हाय, ते घरी. हितं तमाशा लावू नगंस." व्हर्लीननं तिचा दंड धरला, चांगला घट्ट, दुखेल इतका. "चल आता. आये, बस खाली."

असं म्हणून तिनं टेंपीला खुर्चीत बसवलं, जवळजवळ ढकललंच. काय बोलून गेलो हे तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती एकदम लाल झाली आणि पोरांना घेऊन बाकाकडं गेली. सगळ्यात आधी आमेन म्हटलं ते ड्रूसिलानं. मग मंडळीनं म्हटलं.

टेंपी उपासना संपेपर्यंत खुर्चीत बसून होती. पाळक काय बोलले, कोणतं गाणं झालं, तिला काही आठवत नाही. तिला रडू येत होतं आणि ते ती पुसतही नव्हती.

घरी जाताना पोरं पुढं पळाली. व्हर्लीन दहा पावलं पुढं, टेंपी मागं. व्हर्लीन मागं न बघता भांडत होती, आणि वाटेत कुणी ऐकतंय याची तिला पर्वा नव्हती.

"दोन वर्सं. दोन वर्सं पेटीत. तिला माती दिली तवा मी काय करत हुते ते तरी मला कळाय नगं? कापूस येचत आसंन. हसत आसंन कदाचित. तुला काय वाटलं, मी मरून जाईन? का तुला सोडून जाईन? आन ते देवाचं, खुराड्यामागचं, असलं येड्यावानी डोस्क्यात घेऊन चौतीस वर्सं बसलीस, येकदा तरी तोंडानं बोलायचंस."

"आवाज खाली कर, व्हर्ले. लोक बगत्यात."

"न्हाई करनार."

इतक्या वर्षांत त्या पोरीनं टेंपीपुढं कधी आवाज चढवला नव्हता. शिळं वाढलं तरी खाल्लं, फाटकं दिलं तरी घातलं, लग्न ठरवलं तेव्हाही 'बरं मामी' म्हणाली. परक्या घरी वाढलेल्या पोरीनं जपून वागावं तशी ती वागत आली होती, आणि टेंपी ते तिचं चांगलं वळण समजत होती. आज ती ओरडत होती, आणि ड्रूसिलाच्या अंगणातली कुत्री भुंकायला लागली होती.

"आन चवळी करपवलीस ती काल. वास आला मला. आता जेवायला काय हाय घरात?"

"कोंबडी हाय," टेंपी म्हणाली.

"मग पाय उचल की. पोरं उपाशी हायत."

टेंपीनं झगा घोट्यापर्यंत उचलून धरला आणि तिच्या मागं भराभर चालायला लागली.